अभयारण्यात विष टाकणं बरोबर आहे का? लॉर्ड हाऊ बेटाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावर, जागतिक वारसा स्थळ असूनही, उंदीर मारण्यासाठी हेलिकॉप्टरमधून ४२ टन विष टाकलं असं वाचलं. अभयारण्य म्हणजे प्राण्यांना अभय ना? मग उंदरांनी काय घोडं मारलं? निसर्गाला आपलं आपण सावरू द्यायला काय हरकत होती? आम्ही अंदमानला रॉस बेटावर गेलो होतो, तिथे हरणं माणसांच्या हातून खातात. तिथे कुणी विष टाकत नाही आणि सगळं छान चाललंय."

बेटांवर आलेले परके प्राणी हटवणं आणि ते पुन्हा येऊ नयेत म्हणून राखण करणं, हेच माझं काम आहे. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो: लॉर्ड हाऊवर जे केलं ते बरोबर केलं, आणि ते बरंच आधी व्हायला हवं होतं. प्राणी मारताना कुणालाच बरं वाटत नाही, आम्हालाही नाही. पण तुम्ही हरणांचं उदाहरण दिलंत, त्यावरून वाटतं की बेटावरचं अभयारण्य म्हणजे नेमकं काय, इथून सुरुवात करायला हवी.

त्याआधी त्या ४२ टनांबद्दल. ४२ टन वजन होतं धान्याच्या पिठापासून केलेल्या गोळ्यांचं. त्यात ब्रोडिफॅकूम हे विष किलोमागे २० मिलिग्रॅम असतं. म्हणजे अख्ख्या बेटावर मिळून खरं विष पडलं ते एक किलोहूनही कमी, ८४० ग्रॅमच्या आसपास. हे विष पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीला चिकटून राहतं आणि काही महिन्यांत त्याचं विघटन होतं. ते निरुपद्रवी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. प्राण्यांच्या यकृतात ते साठतं आणि मेलेला उंदीर खाणाऱ्या पक्ष्यालाही बाधतं. पण मथळ्यात "४२ टन विष" असं वाचल्यावर डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं, ते चुकीचं आहे.

आता "निसर्गाला सावरू द्या" याबद्दल. एका बेटावर हा प्रयोग होऊन गेला आहे. कुणी ठरवून केला नव्हता, पण त्याचा निकाल आपल्यासमोर आहे.

हवाई द्वीपमालिकेच्या वायव्य टोकाकडे लेसन नावाचं जेमतेम चार चौरस किलोमीटरचं बेट आहे. तिथे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत काढण्याचा धंदा चालायचा. त्या कामावर देखरेख करणाऱ्या माणसाने १९०३ च्या सुमारास तिथे ससे सोडले, मांसाचा धंदा करता येईल या हिशेबाने. पुढे पिसांसाठी अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्यांची बेसुमार कत्तल होऊ लागली तेव्हा १९०९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लेसनसह ती सगळी बेटं पक्ष्यांसाठी राखीव केली. पिसं गोळा करणाऱ्यांवर बंदी आली. ससे मात्र तिथेच राहिले.  १९२३ मध्ये 'टॅनेजर' या अमेरिकी जहाजावरच्या मोहिमेतले शास्त्रज्ञ पोचले तेव्हा बेटावरच्या सव्वीसेक वनस्पतींपैकी चार उरल्या होत्या आणि बाकी सगळी वाळू उडत होती. लेसन हनीक्रीपर हा लाल रंगाचा चिमुकला पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. त्याचे तीन पक्षी शिल्लक होते. त्यातल्या एकाचं गाताना चित्रीकरण झालं. मोहीम तिथे असतानाच वाळूचं वादळ आलं आणि त्यानंतर ते तिन्ही पक्षी पुन्हा कुणाला दिसले नाहीत. लेसन मिलरबर्ड हा छोटा पक्षीही तोवर संपला होता. लेसन रेल नावाची न उडणारी छोटी पाणकोंबडी त्याच द्वीपमालिकेतल्या मिडवे बेटावर नेऊन सोडली होती म्हणून आणखी वीस वर्षं टिकली. दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये नौदलाच्या बोटींमधून मिडवेवर उंदीर उतरले आणि १९४४ नंतर तीही संपली.

अधिकृत राखीव क्षेत्रात, कागदावर पूर्ण संरक्षण असताना या जाती गेल्या. आमच्या क्षेत्रात लेसनचं नाव म्हणूनच वारंवार निघतं. मुख्य भूमीवर आपण जंगलाला हद्द आखतो, शिकार आणि तोड थांबवतो, आणि बरंचसं जंगल आपलं आपण वर येतं, कारण तिथल्या भक्ष्यांनी आणि भक्षकांनी एकमेकांना लाखो वर्षं पाहिलेलं असतं. समुद्रातल्या बेटावर तसं नसतं. तिथे धोका जहाजातून उतरतो आणि उतरल्यावर त्याला थोपवणारं काहीच नसतं. त्यामुळे बेटावर काहीही न करणं म्हणजे शेवटी आलेल्या प्राण्याच्या बाजूने निकाल देणं असतं.

"थोपवणारं काहीच नसतं" हे वाचून पटणार नाही, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. लॉर्ड हाऊच्या दक्षिण टोकाला माउंट गोवर हा ८७५ मीटर उंच डोंगर आहे. वाटाड्याशिवाय तिथे जाऊ देत नाहीत, आणि काही ठिकाणी दोर धरून चढावं लागतं. माथ्यावर ढगात बुडालेलं, शेवाळाने मढलेलं बुटकं जंगल आहे. हिवाळ्यात तिथे प्रॉव्हिडन्स पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी जमिनीतल्या बिळांत अंडी घालतात. वाटाड्या तोंडाजवळ हात धरून मोठ्याने आरोळी देतो आणि वर घिरट्या घालणारे पक्षी फांद्यांतून धडपडत खाली येऊन पायांशी आदळतात. अर्धा किलोचा पक्षी, पिसं राखी-तपकिरी, चोच काळी आणि आकडीसारखी वळलेली. तो उठतो, बुटाजवळ येतो, लेस चोचीत धरून ओढून पाहतो. पळून जाणं त्याला ठाऊकच नाही. आपल्याला त्याचं अप्रूप वाटतं, पण याच स्वभावापायी त्याच समुद्रातल्या नॉरफोक बेटावरून हा पक्षी गेला. १७९० मध्ये 'सिरियस' हे जहाज तिथे फुटलं, तिथल्या इंग्रजांच्या वसाहतीत उपासमार सुरू झाली आणि लोकांनी एका हंगामात दीड लाखाच्या वर पेट्रेल मारून खाल्ले. दहाएक वर्षांत नॉरफोकवरचे पेट्रेल संपले. भुकेल्या माणसांना मी दोष देणार नाही. पण उंदीर दररोज भुकेलाच असतो, आणि तो रात्री बिळात शिरतो.

लॉर्ड हाऊ हे साडेचौदा चौरस किलोमीटरचं, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरचं बेट. १७८८ पर्यंत त्यावर माणसाचं पाऊल पडल्याचा पुरावा नाही. मूळ रहिवासी समाज नाही, मूळचे उंदीर-मांजर नाहीत. जमिनीवरची शिकाऱ्याची जागा मोकळीच होती. म्हणून तिथे न उडणारे पक्षी झाले, हाताच्या पंजाएवढे बिनपंखी काडीकिडे झाले, मोठाल्या गोगलगाई झाल्या. खलाशांनी पहिल्या काही दशकांत पांढरी पाणकोंबडी आणि एक कबूतर खाऊन संपवलं. मग डुकरं, बकऱ्या, मांजरं आली आणि एकोणिसाव्या शतकातच लहान उंदीर आले, आपण घरात पाहतो ते पिटुकले. मोठे काळे उंदीर मात्र जून १९१८ मध्ये उतरले. 'मकॅम्बो' नावाची आगबोट नेड्स बीचजवळ खडकावर चढली. दुरुस्तीला काही दिवस लागले, तेवढ्यात उंदीर किनाऱ्यावर आले. पुढच्या काही वर्षांत फक्त याच बेटावर असलेले पाच प्रकारचे पक्षी नाहीसे झाले: एक कस्तुर, एक नाचण, एक मैनेसारखा साळुंकीकुळातला पक्षी, एक चष्मेवाला आणि एक चिमुकला वटवट्यासारखा. किडे-गोगलगाईंच्या डझनभर जाती गेल्या, दोन वनस्पती गेल्या. उंदरांनी काय घोडं मारलं या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

बेटावरच्या लोकांनी तेव्हापासून हातपाय हलवले नाहीत असं नाही. त्यांचं पोट केंटिया पामच्या बियांवर होतं. कुंडीत ठेवायचा हा पाम मूळचा लॉर्ड हाऊचाच, १८८० च्या दशकापासून त्याच्या बिया जगभर जायच्या, आणि उंदीर नेमक्या त्याच खायचे. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावून पाहिलं. १९२० च्या दशकात बाहेरून मास्क्ड आउल हे मोठे घुबड आणून सोडले. ते उंदरांबरोबर पांढरे सुरय आणि इतर स्थानिक पक्षीही खाऊ लागले, म्हणजे एकाच्या जागी दोन संकटं झाली. मग विषाच्या पेट्या आल्या. इथे जरा थांबायला हवं, कारण "थोडं थोडं विष ठेवून उंदीर आटोक्यात ठेवा ना" ही सूचना मला नेहमी ऐकू येते. लॉर्ड हाऊवर तेच अनेक दशकं चाललं होतं. त्यातून काय झालं? दरवर्षी विष पडत राहिलं, उंदीर उरतच राहिले आणि लहान उंदीर वॉरफरिन या विषाला दाद देईनासे झाले. आटोक्यात ठेवणं म्हणजे कायमचं विष. समूळ काढणं म्हणजे एकदाच विष. माझ्या मते दुसरा पर्याय सगळ्यांच्याच, उंदरांच्याही दृष्टीने कमी क्रूर आहे, कारण पहिल्यात मारायच्या उंदरांची मोजदाद कधी संपतच नाही.

दरम्यान एक काम फार चांगलं झालं. वूडहेन हा तपकिरी, न उडणारा पक्षी, आपल्या लाजऱ्या पाणकोंबडीच्या गोतावळ्यातला. १९७० च्या दशकात तीसहून कमी उरला होता, आणि तोही गोवरच्या माथ्यावर, जिथे डुकरांना चढता येत नव्हतं. म्हणजे पक्ष्याला आवडती जागा ती नव्हती, उरलेली जागा ती होती. आधी डुकरं आणि मांजरं काढली. १९८० मध्ये तीन जोड्या पकडून बेटावरच पिंजऱ्यात वीण सुरू केली आणि पिल्लं खालच्या सपाट जंगलात सोडली. संख्या दोनशे-अडीचशेपर्यंत आली आणि तिथेच अडली. अन्न उंदीर खात होते.

२०१९ च्या हिवाळ्यात जे झालं ते आता नीट सांगतो, कारण खरं कसब तिथे आहे.

निर्मूलनाचा नियम एकच: शेवटची गाभण मादीसुद्धा उरता कामा नये. ९९ टक्के उंदीर मेले तर ते यश नाही, काही महिन्यांत ते पुन्हा तेवढेच होतात. म्हणून प्रत्येक उंदराच्या फिरण्याच्या टापूत गोळी पडलीच पाहिजे. मोठा उंदीर बराच फिरतो, पण पिटुकला उंदीर काही मीटरांच्या पलीकडे जातच नाही. त्यामुळे गोळ्यांमधलं अंतर लहान उंदराच्या हिशेबाने ठरतं. सरळसोट कड्यांवर माणूस पोचत नाही, तिथे हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या फिरत्या बादलीतून गोळ्या पसरतात, उपग्रहावरून आखलेल्या रेषेवर आणि शेजारच्या पट्ट्यावर थोडी चढवून. वस्तीत हेलिकॉप्टर नाही. तिथे हजारो बंद पेट्या हाताने ठेवल्या आणि तपासल्या: घराखाली, माळ्यावर, गोठ्यात, कंपोस्टच्या खड्ड्याशी. हंगाम हिवाळा, कारण तेव्हा फळं-बिया कमी आणि उंदरांची वीण मंद. मध्ये काही दिवस सोडून दुसरी फेरी, म्हणजे पहिल्या वेळी बिळात असलेली पिल्लं बाहेर आल्यावर त्यांनाही मिळतं. आणि विष मुद्दाम सावकाश काम करणारं घेतलं. उंदीर हुशार. नवं काही दिसलं की आधी चाखतो आणि लगेच पोटात दुखलं की पुन्हा तोंड लावत नाही. ब्रोडिफॅकूमने रक्त गोठणं थांबतं, पण त्याला काही दिवस लागतात. तोवर त्याला संशय येत नाही आणि मारक मात्रा पोटात गेलेली असते. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात चुकून गेलंच तर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे आणि तो द्यायला वेळही मिळतो. सावकाश विष निवडण्याचं हे दुसरं कारण.

वूडहेन गोळ्या खाणार हे माहीत होतं. करावांग हा मोठा काळा पक्षी मेलेले उंदीर खाणार, हेही. म्हणून सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयाच्या लोकांनी बेटावरच पिंजरे उभारून बहुतेक सगळे वूडहेन आणि शंभराहून अधिक करावांग आधी पकडून ठेवले आणि धोका टळेपर्यंत महिनोन्महिने सांभाळले. एखाद्या जातीचे जगातले जवळजवळ सगळे पक्षी एका ठिकाणी कोंडून ठेवायचे म्हणजे काय जबाबदारी असते, याची कल्पना करा. एक साथ आली असती तर खेळ खलास. बाहेर राहिलेल्यांपैकी काही मेले, आणि ती किंमत आधीच हिशेबात धरलेली होती. हे लपवून ठेवणाऱ्या प्रकल्पावर मी विश्वास ठेवत नाही.

पण या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट माणसांची होती. लॉर्ड हाऊवर साडेतीनशे-चारशे लोक राहतात. उंदीर काढायचा तर प्रत्येक घरात शिरावं लागतं. एका घरमालकाने दार लावलं तरी सगळं फुकट. लोकांच्या शंका रास्त होत्या: लहान मुलं, गाईचं दूध, पर्यटक येतील का, लगूनमधले, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ समुद्रातले, मासे खाता येतील का. वाद वर्षानुवर्षं चालला, शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोला आला. २०१५ मध्ये मत घेतलं तेव्हा ५२ टक्के लोक बाजूने होते. जेमतेम. विरोध करणाऱ्यांना अडाणी म्हणणारे संरक्षक मला भेटले आहेत आणि मला ते पटत नाही. ज्या शंका त्यांनी उपस्थित केल्या, त्यांच्यामुळेच वस्तीतलं काम हेलिकॉप्टरऐवजी हाताने झालं, गुरांची आणि कोंबड्यांची वेगळी सोय झाली, तपासण्या वाढल्या. उशीर झाला, पण काम पक्कं झालं. बेटावर राहणारा माणूस सोबत नसेल तर परदेशातून आलेला कितीही मोठा तज्ज्ञ तिथे उंदरापुढे हरतो.

निकाल काय लागला? वूडहेन काही वर्षांत हजाराच्या पुढे गेले. आता ते वस्तीतल्या परसात पिल्लं घेऊन हिंडताना दिसतात. डोंगरावरच्या बुटक्या पामच्या बिया उंदीर जवळजवळ सगळ्याच खायचे, आता झाडाखाली रोपं दिसू लागली आहेत. आणि २०२२ मध्ये एक अशी गोष्ट घडली की आमच्यातल्या कित्येकांनी ती बातमी दोनदा वाचली. लाकूड खाणारं, बिनपंखी, तांबूस-काळं झुरळ, जे मुख्य बेटावरून १९३० च्या दशकापासून दिसलंच नव्हतं, ते नॉर्थ बे या खाडीकाठी एका वडाखालच्या दगडाखाली सापडलं. झुरळ म्हटल्यावर नाक मुरडू नका. हे घरात येत नाही, पडलेल्या लाकडाची माती करणं हे त्याचं काम. नव्वद वर्षं ते एका झाडाच्या आसऱ्याने तग धरून होतं.

काडीकिड्याची कथा तर याहून विलक्षण. बारा-पंधरा सेंटिमीटर लांब, चकचकीत काळा, बिनपंखी किडा, कोळी त्याला गळाला आमिष म्हणून लावायचे. १९१८ नंतर थोड्याच वर्षांत तो संपला. लॉर्ड हाऊपासून २३ किलोमीटरवर बॉल्स पिरॅमिड नावाचा साडेपाचशे मीटर उंच सुळका समुद्रातून सरळ वर आला आहे, त्यावर १९६४ मध्ये गिर्यारोहकांना एक मेलेला किडा दिसला. २००१ मध्ये डेव्हिड प्रिडेल आणि निकोलस कार्लाइल हे शास्त्रज्ञ तिथे चढले. कपारीतल्या एका झुडपाखाली त्यांना ताजी विष्ठा दिसली. रात्री बॅटरी घेऊन परत गेले तर जिवंत किडे पानं खात बसलेले. जगात असलेले सगळे मिळून दोन डझनांच्या आसपास. २००३ मध्ये दोन जोड्या खाली आणल्या. एक जोडी लवकरच मेली. मेलबर्न प्राणिसंग्रहालयातली मादीही मरणाला टेकली होती. तिथल्या पॅट्रिक होनान यांनी कॅल्शियम मिसळून केलेला गोड रस थेंबाथेंबाने तिच्या तोंडात घातला आणि ती वाचली. आज प्राणिसंग्रहालयांत आहेत ते हजारो किडे त्यातून वाढले. पण पिंजऱ्यात हजारो असणं म्हणजे जात वाचणं नव्हे. त्यांना घरी परतायचं तर घर बिनउंदराचं हवं, आणि ते २०१९ नंतर प्रथमच शक्य झालं.

आता तुमची अंदमानची हरणं. रॉस, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावरची ती चितळं अंदमानची नाहीतच. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ती मुख्य भूमीवरून शिकारीच्या हौसेने आणली. ती उत्तम पोहतात आणि एका बेटावरून दुसऱ्यावर पसरली. अंदमानात वाघ-बिबट्या नाही, कोवळी रोपं खायला मोकळीक. झाडं उभी दिसतात म्हणून जंगल छान वाटतं, पण खाली वाकून पाहिलं तर मोठ्या झाडांची जागा घेणारी पोरंटोरं नसतात. इंटरव्ह्यू बेटावर तर लाकूडतोड करणारी कंपनी बुडाल्यावर हत्ती सोडून दिले होते. त्यांनी आणि चितळांनी मिळून तिथल्या वेत-बांबूचं काय केलं, ते वनस्पतिशास्त्रज्ञांनी नोंदवलेलं आहे. मग तिथे विष का नाही? कारण एकच औषध सगळीकडे चालत नाही. चितळ आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, बेटं शेकडो आणि एकमेकांजवळ आहेत, म्हणजे एक रिकामं केलं तर शेजारून पोहत येतील. दुसरीकडे नारकोंडमचं उदाहरण आशादायक आहे. सुमारे सात चौरस किलोमीटरचं ते ज्वालामुखी बेट म्हणजे नारकोंडम धनेशाचं जगातलं एकुलतं घर. पोलीस चौकीसाठी तिथे नेलेल्या शेळ्या रानटी झाल्या होत्या, त्या नंतर हटवण्यात आल्या. बेट लहान, एकटं आणि काम नेमकं. अशी बेटं आपल्याकडेही निवडता येतील.

राहता राहिली राखण. माझा बहुतेक वेळ यातच जातो आणि याला पैसे मिळवणं सर्वांत कठीण, कारण यात दाखवण्यासारखं काही घडत नाही. काही घडलं नाही तरच काम झालं. एप्रिल २०२१ मध्ये लॉर्ड हाऊवर पुन्हा उंदीर दिसले. ताबडतोब शोधकुत्री, कॅमेरे आणि पेट्या लावून तो प्रादुर्भाव मोडून काढावा लागला. मालवाहू जहाज पोर्ट मॅक्वारीहून येतं, त्यावरची प्रत्येक खोकी, सिमेंटची पोती, गुरांचा चारा यांतून काय येईल सांगता येत नाही. धक्क्यावर शोधकुत्रं सामानाभोवती फिरताना पाहिलं की पर्यटक कौतुकाने फोटो काढतात. तिथेच हे अभयारण्य रोज टिकतं किंवा कोसळतं. मिडवेवर तर १९९० च्या दशकात मोठे उंदीर काढले, पण लहान राहिले, आणि २०१५ पासून त्या पिटुकल्यांनी घरट्यावर बसलेल्या जिवंत अल्बट्रॉसच्या माना-पाठी कुरतडायला सुरुवात केली. अल्बट्रॉस अंड्यावरून उठत नाही, बसून राहतो. २०२३ मध्ये तिथे निर्मूलनाची मोहीम झाली आणि ती फसली, उंदीर पुन्हा दिसले. हे काम हमखास नाही, हे तुम्हाला सांगणं मला महत्त्वाचं वाटतं.

शिवाय सगळेच पाहुणे उंदरासारखे पकडता येत नाहीत. मर्टल रस्ट नावाची बुरशी, आपल्या शेतकऱ्याला गव्हावरचा तांबेरा माहीत असतो त्याच जातकुळीची, जांभळाच्या कुळातल्या झाडांवर पडते. लॉर्ड हाऊवर ती २०१६ मध्ये आली, आवरली, आणि २०२३ मध्ये पुन्हा आली. तेव्हा बेटाचा संरक्षित डोंगराळ भाग, म्हणजे सत्तर टक्के बेट, पर्यटकांना बंद करावा लागला. तिचे बीजाणू वाऱ्याने येतात, तसेच कपड्यांना चिकटूनही. आणि प्लास्टिकला तर कुठलंच बंदर लागत नाही. फ्लेश-फुटेड शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याचे आई-बाप समुद्रावरून अन्न समजून ते आणतात आणि पिल्लाला भरवतात. लॉर्ड हाऊवरच्या एका पिल्लाच्या पोटात २७६ तुकडे निघाले होते. तिथे आमच्या पेट्या आणि कुत्री काही करू शकत नाहीत.

तुम्ही प्रवास करणारे आहात म्हणून शेवटी कामाचं. लॉर्ड हाऊला जाणार असाल तर जागा आधी धरा, एका वेळी चारशेच पर्यटक घेतात. बूट घरीच घासून, तळव्यातली माती सुईने काढून, पूर्ण वाळवून न्या. तंबू, काठी, कॅमेऱ्याच्या पिशवीची शिवण, पॅन्टची दुमड, वेल्क्रो यांत बिया अडकतात, त्या झटका. वाटेच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश लावलेले असतात, ते फक्त परतताना नाही, आत जातानाही वापरायचे. अंदमानात हरणांना बिस्किटं घालू नका. आणि इतकं लांब जायचं नसेल तर वेंगुर्ल्याच्या समोरचे खडक आहेत. तिथल्या गुहेत पाकोळ्यांची घरटी असतात, परदेशात ती खाण्यासाठी विकली जातात म्हणून पूर्वी ती चोरलीही गेली आहेत, आणि खडकांवर सुरय वीण करतात. विणीच्या काळात तिथे उतरू नका. एरवी वनखात्याची परवानगी काढून जात असाल तर निघण्याआधी नावेतल्या जाळ्याच्या ढिगात, दोरांच्या वेटोळ्यांत आणि डब्याच्या पिशवीत उंदीर नाही ना, हे नाखव्याला सोबत घेऊन स्वतः बघा.